ओपन सोर्स लायब्ररीत व्हर्जन सांगणारं फंक्शन घालताना

काम सांगायला अगदी फुटकळ आहे. सी भाषेत लिहिलेली एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामनी वापरायचा तयार, सगळ्यांना खुला कोड, तिला प्रोग्राम चालू असताना विचारलं की बाई तुझं व्हर्जन काय, तर तिने खरं उत्तर द्यावं. बस. गेल्या वर्षी जानेवारीत हे डोक्यात आलं आणि ऑगस्टमध्ये ते रिलीजमध्ये गेलं. कोड बघितला तर एका स्क्रीनवर मावतो, बाकी सगळा वेळ गेला तो चर्चा, फॉर्म, वाट बघणं आणि चेंजलॉगमधले, म्हणजे बदलांच्या यादीतले, कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांनी केलेले बदल) सोडवण्यात. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा हात घालायचा तर असलंच छोटं काम घ्यावं असं सगळे सांगतात, ते बरोबर आहे, पण छोटं म्हणजे पटकन असं कुणी समजू नये म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतेय.

तर जानेवारी. आम्ही एक टूल बनवतो, ते कॉम्प्रेस केलेल्या आर्काइव्ह फाइल वाचायला ही लायब्ररी वापरतं. काही युजर्सकडून एकच तक्रार यायला लागली, ठराविक प्रकारची फाइल उघडली की साइझचे आकडे चुकीचे येतात. लायब्ररीच्या चेंजलॉगमध्ये हा बग कधीच दुरुस्त झालेला दिसत होता, म्हणजे ह्या लोकांकडे जुनी लायब्ररी असणार हे उघड होतं. पण कुठली आहे विचारलं की उत्तर यायचं 'लेटेस्ट'. लेटेस्ट हे काही व्हर्जन नाही हो, पण युजरला तरी काय बोलणार, बघायचं कुठे हे आम्हालाच सांगता येत नव्हतं.

लायब्ररीच्या हेडरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याचा कोड जी फाइल आत घेतो तिच्यात, व्हर्जनचा मॅक्रो (कंपाइल होताना ज्याच्या जागी ठरलेला मजकूर बसतो ते नाव) होता आणि आमचं टूल तो छापायचंही. गोची अशी की मॅक्रो सांगतो ते फक्त आमचं टूल कंपाइल झालं (कोडपासून चालणारी फाइल, म्हणजे बायनरी, बनली) त्या दिवशी त्या मशीनवर कुठलं हेडर पडलं होतं तेवढंच, तो आकडा आमच्या बायनरीत कायमचा बसतो. युजरच्या मशीनवर टूल सुरू होताना लोडर (प्रोग्राम मेमरीत आणणारा सिस्टमचा भाग) जी शेअर्ड, म्हणजे वेगळ्या फाइलमधली, लायब्ररी उचलतो ती त्याहून जुनी असू शकते, नवी असू शकते, कुणी एनव्हायरन्मेंट व्हेरिएबल लावून तिसरीच घुसवलेली असू शकते. आणि आमचं टूल मख्खपणे कंपाइल करतानाचा आकडा छापत राहणार. हा फरक डोक्यात पक्का बसवा, पुढची निम्मी चर्चा ह्याच्याभोवतीच झाली.

मग म्हटलं फाइलच्या नावावरून कळेल. एलडीडी ही लिनक्सची कमांड चालवून कुठली डॉट-एसओ फाइल उचलली जाते ते दिसतं, तिच्या नावात शेवटी आकडे असतात. पण ते आकडे बहुतेक वेळा रिलीजचं व्हर्जन नसतातच, तो एबीआयचा (कंपाइल झालेल्या कोडमधल्या जुळणीचा) हिशोब असतो, म्हणजे जुना प्रोग्राम ह्या लायब्ररीबरोबर चालेल की नाही एवढंच तो सांगतो. सगळ्यात ठळक उदाहरण नेटवर्कवरून फाइल आणणाऱ्या लिबकर्ल लायब्ररीचं. तिचा एसओ नंबर (फाइलच्या नावातला तो आकडा) २००६ साली ४ झाला आणि अजून ४ च आहे, मधे रिलीज ७.१६ पासून ८ च्या पुढे गेले. पीकेजी-कॉन्फिग ह्या लायब्ररींची माहिती देणाऱ्या टूलला विचारलं तर तो डेव्हलपमेंट पॅकेजबरोबर आलेली डॉट-पीसी फाइल वाचून सांगतो, साध्या युजरकडे ते पॅकेज नसतंच. आणि लायब्ररी स्टॅटिक लिंक केलेली, म्हणजे प्रोग्रामच्याच फाइलमध्ये मिसळलेली, असेल तर एलडीडीत तिचं नावही येत नाही. एकंदरीत लायब्ररीने स्वतः तोंड उघडल्याशिवाय खात्रीचं उत्तर नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रोजेक्टच्या इश्यू ट्रॅकरवर (तक्रारी आणि मागण्यांच्या यादीत) शोधाशोध केली. नेमकी हीच मागणी कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी केलेली, खाली 'मलाही हवंय' वाले अंगठे, आणि शांतता. पहिली टीप इथेच: नवा इश्यू उघडू नका, जुन्यातच लिहा, आणि 'मी हे करायला तयार आहे, आधी आकार ठरवूया' असं लिहा. कोड लिहून थेट पाठवायचा मोह होतो, पण पब्लिक एपीआयमध्ये (बाहेरच्यांनी बोलवायच्या फंक्शनच्या यादीत) एकदा नाव गेलं की ते वर्षानुवर्षं काढता येत नाही, त्यामुळे मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, अशा बाबतीत फार सावध असतात आणि ते असायलाच हवं. योगदानाचे नियम असलेली कॉन्ट्रिब्युटिंगची फाइलही आधी पूर्ण वाचा. त्यात ह्या प्रोजेक्टने स्पष्ट लिहिलं होतं की नवीन पब्लिक फंक्शन असेल तर चर्चा आधी, कोड नंतर.

उत्तर यायला दोनेक आठवडे लागले. मुख्य मेंटेनरांचा पहिला प्रश्न अपेक्षित तोच होता, हेडरमध्ये मॅक्रो आहे की, मग फंक्शन कशाला? मी वरचं सगळं लिहिलं, पण खरं सांगायचं तर स्वतःच्या युक्तिवादापेक्षा दुसऱ्या लायब्ऱ्यांची उदाहरणं जास्त कामी आली. झेडलिब ह्या डेटा कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीत मॅक्रो आहे आणि शिवाय झेडलिबव्हर्जन नावाचं फंक्शनही आहे. इतकंच नाही, डिफ्लेटइनिट म्हणून जे आपण बोलावतो तो मुळात मॅक्रोच आहे, तो कंपाइल करतानाचं व्हर्जन गुपचूप आत पाठवतो आणि पहिलाच आकडा जुळला नाही तर लायब्ररी एरर देऊन मोकळी होते. एसक्यूलाइट ह्या डेटाबेसच्या लायब्ररीत मॅक्रो आणि फंक्शन दोन्ही आहेत आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सुचवलंय की दोन्ही सारखे आहेत ना हे प्रोग्राममध्ये ॲसर्ट (अट खोटी ठरली तर प्रोग्राम थांबवणारी ओळ) लावून बघा. पायथॉनच्या झेडलिब मॉड्यूलमध्ये तर दोन वेगळे कॉन्स्टंट आहेत, एक बिल्डच्या, म्हणजे कंपाइलच्या, वेळचा आणि एक रनटाइमचा, म्हणजे चालतानाचा. हे तीन दाखले टाकल्यावर 'का' हा प्रश्न संपला आणि 'कसं' सुरू झाला.

आणि 'कसं' मध्ये मार्चचा बराच भाग गेला. स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) परत करायची, नंबर परत करायचा, का स्ट्रक्चर, म्हणजे अनेक फील्डचा गठ्ठा? स्ट्रिंग माणसाला वाचायला सोपी, पण मग लोक तिचीच तुलना करायला लागतात, आणि स्ट्रिंग म्हणून बघितलं तर '१.१०' हे '१.९' च्या आधी येतं. पायथॉन ३.१० आलं तेव्हा हेच झालं होतं, व्हर्जन स्ट्रिंगची पहिली तीन अक्षरं कापून घेणारा कोड त्याला ३.१ समजायला लागला. नंबर केला तर तुलना सरळ, पण तीन आकडे एका पूर्णांकात बसवायचे कसे ह्याची प्रत्येक प्रोजेक्टची तऱ्हा वेगळी. एसक्यूलाइट पहिल्या आकड्याला दहा लाखांनी, दुसऱ्याला हजाराने गुणून बेरीज करते, म्हणजे ३.४५.१ चं ३०४५००१ होतं, डोळ्यांनीही वाचता येतं. कर्लवाले हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) प्रत्येक आकड्याला आठ बिट देतात. मी एसक्यूलाइटची पद्धत सुचवली, कारण बग रिपोर्टमध्ये कुणी नुसता नंबर चिकटवला तरी तो कळतो, आणि ती मान्य झाली.

स्ट्रक्चर मला मनातून हवं होतं, मेजर मायनर पॅच ह्या व्हर्जनच्या तीन आकड्यांचे वेगळे फील्ड, छान दिसतं. एका रिव्ह्यूअरने दोन मुद्दे काढून ते पाडलं आणि दोन्ही मुद्दे मला नवीन होते. एक, स्ट्रक्चर एकदा पब्लिक झालं की त्यात पुढे फील्ड वाढवणं म्हणजे एबीआय मोडणं, कर्लने ह्यासाठी स्ट्रक्चरच्या सुरुवातीलाच 'एज' नावाचं फील्ड ठेवलंय, म्हणजे मिळालेलं स्ट्रक्चर कुठल्या पिढीचं आहे ते आधी बघायचं आणि मगच पुढचं वाचायचं. आपल्या एवढ्याशा लायब्ररीला तो संसार कशाला. दोन, जीलिबसी ह्या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत मेजर आणि मायनर ह्याच नावाचे मॅक्रो आहेत, डिव्हाइस नंबरसाठीचे, आणि २.२८ च्या आधी ते सिस टाइप्स हेडरमधून न मागता आत यायचे. साध्या सी स्ट्रक्चरला त्रास नाही, कारण पुढे कंस असेल तरच ते मॅक्रो उलगडतात, पण कुणी सी प्लस प्लसचं रॅपर (लायब्ररीवरचं वेष्टण) लिहून कन्स्ट्रक्टरमध्ये त्या नावाचं फील्ड इनिशियलाइज करायला गेला की कंस आलाच आणि कंपाइलर अगम्य काहीतरी ओरडतो. तेव्हा ठरलं, दोन फंक्शन, एक स्ट्रिंग देणारं आणि एक नंबर देणारं, दोन्हींच्या नावाआधी लायब्ररीचा प्रीफिक्स, संपलं.

संपलं म्हणतेय पण चर्चेत अजून दोन पाहुणे आले. एकाला गिटचा (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या सिस्टमचा) कमिट हॅश, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची ओळखखूण, आणि बिल्डची तारीख पण हवी होती. तारीख लगेच बाद झाली, कारण बिल्डची वेळ आत कोरली की एकाच सोर्सपासून दरवेळी वेगळी बायनरी बनते आणि रिप्रोड्युसिबल बिल्डवाल्यांचं (ज्यांना दरवेळी हुबेहूब तीच बायनरी हवी) सगळं मुसळ केरात. बिल्डला ठरलेली तारीख देणारं सोर्स-डेट-इपॉक नावाचं व्हेरिएबल त्याच्यासाठीच आहे, पण इथे तारखेची गरजच नव्हती. हॅशची अडचण वेगळी. डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्सची तयार पॅकेजेस बनवणारे, टारबॉलवरून (सोर्स कोडच्या गठ्ठा फाइलवरून) बिल्ड करतात, त्यात डॉट-गिट फोल्डर नसतं, मग गिट डिस्क्राइब ही इतिहासातून व्हर्जन काढणारी कमांड काय सांगणार कपाळ? सीआयमध्येही (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सेवेत) तेच, गिटहब ॲक्शन्सची चेकआउट ॲक्शन वेगळं सांगितलं नाही तर एकच कमिट आणते आणि टॅग (रिलीजच्या खुणा) आणतच नाही. गिट ॲट्रिब्यूट्समध्ये एक्स्पोर्ट-सब्स्ट लावून आर्काइव्ह बनताना हॅश भरता येतो, पण ते सगळं पुढच्या कामात ढकललं.

दुसरा पाहुणा जास्त अवघड होता. त्याचं म्हणणं, व्हर्जन उघड केलं की हल्ला करणाऱ्याला आयतं सापडतं. वेब सर्व्हरच्या हेडरबद्दल हे नेहमी बोललं जातं, पण इथे व्हर्जन नेटवर्कवर जात नाहीये, जो प्रोग्राम ती लायब्ररी स्वतःच्या मेमरीत घेऊन बसलाय त्यालाच ते कळतंय. उलट बाजूचं उदाहरण ताजं होतं. मार्च २०२४ च्या शेवटी एक्सझेड युटिल्स ह्या कॉम्प्रेशनच्या टूलमधला बॅकडोअर (लपवून ठेवलेली चोरवाट) उघड झाला, ५.६.० आणि ५.६.१ ही दोन रिलीज बाधित, सुरक्षा-दोषाचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-३०९४, आणि त्या दिवशी जगभर प्रत्येकाचा प्रश्न एकच होता की माझ्याकडे कुठली आहे. त्यातल्याच लिबएलझेडएमए लायब्ररीत व्हर्जनचं फंक्शन आहे, ज्या प्रोग्रामने ते आधीच लॉगमध्ये छापून ठेवलं होतं त्याला शोधत बसायची गरज नाही.

पण त्या माणसाच्या बोलण्यातून एक कामाची गोष्ट निघाली. २०१४ च्या हार्टब्लीड ह्या सुरक्षेच्या बगमध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत बाधित होतं आणि १.०.१जी मध्ये दुरुस्ती आली, तरी कित्येक डिस्ट्रोंनी दुरुस्ती मागे आणून जुन्याच व्हर्जनला लावली. म्हणजे ओपनएसएसएलला विचारलं तर ते १.०.१ई सांगायचं आणि प्रत्यक्षात दुरुस्त झालेलं असायचं. घाबरलेली माणसं सगळीकडे. त्यामुळे आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ वाक्य घातलं की हा आकडा अपस्ट्रीम, म्हणजे मूळ प्रोजेक्टचं, रिलीज कुठलं ते सांगतो, सिक्युरिटी पॅच लागलाय की नाही ते सांगत नाही, त्यासाठी पॅकेजचं व्हर्जन बघा. मला विचाराल तर त्या अख्ख्या पुल रिक्वेस्टमधलं (बदल घ्या म्हणून प्रोजेक्टला पाठवलेल्या विनंतीतलं) सगळ्यात उपयोगी वाक्य ते.

इकडे चर्चा चालू असतानाच कागदपत्रं सुरू केली होती, आणि तुम्हीही तसंच करा, कोड तयार झाल्यावर करायला गेलात तर तिथे अडकाल. खर्च विचाराल तर पैशात शून्य, पब्लिक रिपॉझिटरीला सीआयसुद्धा फुकट. पण नोकरी करत असाल तर कॉन्ट्रॅक्ट काढून वाचा, बऱ्याच ठिकाणी तुम्ही लिहिलेला कोड कंपनीचा असतो, आणि माझ्या बाबतीत तर कामाच्या गरजेतूनच हे निघालेलं, तेव्हा परवानगी हवीच. फॉर्ममध्ये प्रोजेक्टचं नाव, लायसन्स, काय बदलणार, कंपनीचं काही गुपित त्यात जातंय का, असे प्रश्न. लीगलकडून उत्तर यायला तीनेक आठवडे गेले, मधे एकदा त्यांनी विचारलं की व्हर्जन नंबर हा आपला ट्रेड सीक्रेट आहे का. हसू नका, प्रश्न विचारणं त्यांचं काम आहे. मी एका ओळीत उत्तर दिलं की नंबर त्या प्रोजेक्टचाच आहे आणि तो जगजाहीर आहे, मग फॉर्म सुटला.

प्रोजेक्टकडून डीसीओ लागत होता, म्हणजे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी कबुली, लिनक्स कर्नलने २००४ मध्ये सुरू केलेली पद्धत. वेगळी सही वगैरे नाही, प्रत्येक कमिटच्या मेसेजखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि नाव-ईमेल, गिट कमिटला मायनस एस दिलं की ते आपोआप लागतं. अट एवढीच की तो ईमेल कमिटच्या ऑथरशी जुळला पाहिजे, नाहीतर बॉट लाल फुली मारतो. ऑफिसचा ईमेल की घरचा हे आधीच ठरवा. काही प्रोजेक्ट सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट) मागतात, तो जरा मोठा करार असतो आणि कंपनीतर्फे असेल तर सही करायचा अधिकार असलेला माणूस शोधावा लागतो, मला ती वेळ आली नाही.

आता कोड. पहिला नियम, व्हर्जन एकाच जागी लिहिलेलं असावं. इथे ते चार ठिकाणी होतं, सीमेक ह्या बिल्डच्या टूलची फाइल, हेडर, पायथॉन बाइंडिंगची (पायथॉनमधून लायब्ररी वापरू देणाऱ्या भागाची) पायप्रोजेक्ट टॉमल फाइल आणि डॉक्युमेंटेशनचं कॉन्फिग, आणि दोन ठिकाणचे आकडे आपसात जुळतही नव्हते. सहसा लोक बिल्ड फाइलमध्ये आकडा ठेवतात आणि साच्यातून हेडर बनवतात. पण ही लायब्ररी बरेच जण नुसत्या सोर्स फाइल उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकतात, बिल्ड सिस्टम घेतच नाहीत, त्यांना बनवलेलं हेडर मिळणारच नाही. म्हणून उलटं केलं, खरा आकडा हेडरमध्ये, आणि सीमेक तीच ओळ वाचून रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा नमुना जुळवून) आकडे काढतो, डॉट-पीसी फाइलही त्यावरूनच भरली जाते. हेडरमध्ये आकडे लिहिताना पुढे शून्य लावू नका, सी मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल (आठच्या पायाचा) असतो, ०८ लिहिलंत तर कंपाइलच होणार नाही आणि ०१० लिहिलंत तर मुकाट्याने ८ होईल.

फंक्शनची बॉडी डॉट-सी फाइलमध्येच हवी. हेडरमध्ये इनलाइन टाकलं तर ते वापरणाऱ्याच्या बायनरीत उतरतं आणि पुन्हा कंपाइलच्या वेळचाच आकडा देतं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. स्ट्रिंग स्टॅटिक (कायम मेमरीत राहणारी) असावी आणि 'ही फ्री करू नका', म्हणजे तिची मेमरी परत देऊ नका, असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहावं, लिहिलं नाही तर कुणीतरी करतंच. मग नाव एक्स्पोर्ट करायचं, म्हणजे लायब्ररीबाहेर दिसू द्यायचं. लायब्ररी हिडन व्हिजिबिलिटीने (आतली नावं झाकून) बनत असेल तर एक्स्पोर्टचा मॅक्रो लावायचा, आणि विंडोजसाठी डॉट-डेफ फाइल असेल तर तिच्यात वेगळी ओळ घालायची, लिनक्सवर सगळं हिरवं दिसत असलं तरी. लिबटूल ह्या बिल्डच्या टूलचे तीन आकडेही बदलायचे, नवीन फंक्शन आलं पण जुनं काही मोडलं नाही तर करंट एकने वाढवायचा, रिव्हिजन शून्य आणि एज एकने वाढवायचा, त्यामुळे एसओ नंबर तोच राहतो आणि जुने प्रोग्राम चालत राहतात. जुनं खरंच मोडलं नाही ना हे बघायला एबीआयडिफ नावाचं टूल आहे, त्याचा आउटपुट पुल रिक्वेस्टमध्ये चिकटवला तर रिव्ह्यूअर खूश.

टेस्ट अगदी साधी, मॅक्रोचा नंबर आणि फंक्शनचा नंबर सारखा, स्ट्रिंगमधून काढलेले आकडेही तेच. ही टेस्ट मूर्खासारखी वाटते, पण मशीनवर जुनी लायब्ररी इन्स्टॉल असली आणि टेस्ट चुकून तीच उचलत असली तर ह्या एका टेस्टने लगेच कळतं.

रिलीजच्या मधल्या काळात मेन ब्रँचने (जिथे पुढच्या रिलीजचं काम जमा होतं) काय सांगायचं हा एक चावट प्रश्न. २.४ येऊन गेलंय, २.५ यायचंय. ठरलं की स्ट्रिंग '२.५.०-डेव्ह' आणि रिलीजच्या दिवशी शेपूट कापायचं. सेमॅन्टिक व्हर्जनिंग ह्या आकडे देण्याच्या पद्धतीत हायफन लावलेलं प्री-रिलीज मूळ आकड्याच्या आधीचं मानतात. पायथॉनच्या पेप (सुधारणेचा प्रस्ताव) ४४० मध्ये तेच '२.५.०.डेव्ह०' असं लिहितात, सुदैवाने ते हायफनवालंही स्वीकारून बदलून घेतं. डेबियन डिस्ट्रोवाले प्री-रिलीजला टिल्ड (~) लावतात, ते त्यांचं ते बघतात. नंबरमध्ये मात्र शेपूट मावत नाही, म्हणजे डेव्ह आणि फायनल दोघांचा नंबर एकच, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून टाकलं.

पायथॉन बाइंडिंगला आणखी वेगळा घोळ, कारण तिथे दोन व्हर्जन, बाइंडिंगचं स्वतःचं आणि आतल्या सी लायब्ररीचं. नावं अशी ठेवा की गोंधळ होणार नाही. पायथॉनच्या स्वतःच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये 'व्हर्जन' नावाखाली मॉड्यूलचा आकडा होता आणि लोक तो एसक्यूलाइटचा समजायचे, शेवटी ३.१२ मध्ये तो डेप्रिकेट केला (वापरू नका असं जाहीर केलं). बाइंडिंगच्या स्वतःच्या व्हर्जनसाठी डबल अंडरस्कोर व्हर्जन (दोन्हीकडे दोन अंडरस्कोर असलेला ॲट्रिब्यूट) ठेवायचं का ह्यावर पण थोडं झालं. ती पद्धत प्रमाण करावी म्हणून २०११ मध्ये पेप ३९६ आला होता, तो बरीच वर्षं लटकून २०२१ मध्ये नाकारला गेला, कारण तोवर पायथॉन ३.८ बरोबर इम्पोर्टलिब मेटाडेटा हे मॉड्यूल आलं होतं, पॅकेजचं नाव द्या आणि इन्स्टॉल झालेलं व्हर्जन घ्या. फक्त तिथे पिपने इन्स्टॉल करताना वापरतो ते नाव द्यायचं, इम्पोर्टचं नाही, पिलो आणि पीआयएल, पायवायएएमएल आणि वायएएमएल, असे जोड असतात ना. आम्ही जुन्या लोकांसाठी तो ॲट्रिब्यूट ठेवला पण मॉड्यूलच्या गेटॲटरमधून, म्हणजे कुणी मागितला तरच मेटाडेटा वाचला जातो, उगाच प्रत्येक इम्पोर्टला नाही. आणि बाइंडिंगशिवाय सीटाइप्स ह्या पायथॉनच्या मॉड्यूलने थेट बोलावणार असाल तर स्ट्रिंगवाल्या फंक्शनचा रेसटाइप (परत येणाऱ्या गोष्टीचा प्रकार) आधी सी-चार-पी (स्ट्रिंगचा पॉइंटर) करा, नाहीतर सीटाइप्स त्याला इंट समजतो, ६४ बिट मशीनवर पॉइंटर अर्धा कापला जातो आणि प्रोग्राम कोसळतो.

पुल रिक्वेस्ट मार्चच्या शेवटी टाकली. एप्रिल म्हणजे नुसती शांतता. ह्या काळात माणसाला फार वाईट वाटतं, आपलं काही चुकलं का, त्यांना आवडलं नाही का, रोज सकाळी टॅब उघडून बघायचं. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की पलीकडे दोन-तीन माणसं आहेत आणि त्यांनाही नोकरी आहे. मी महिन्याभराने एक ओळ लिहिली, की मेनवर रिबेस केलंय, म्हणजे ताज्या कोडवर बदल पुन्हा बसवलेत, सीआय हिरवं आहे, माझ्याकडून काही हवं असेल तर सांगा. 'कधी होणार' असं विचारू नका, त्यापेक्षा रिव्ह्यू सोपा होईल असं काहीतरी द्या. चेंजलॉगची फाइल दर थोड्या दिवसांनी कॉन्फ्लिक्ट द्यायची, कारण प्रत्येकजण तिच्या त्याच ओळीखाली लिहितो, ती ओळ शेवटच्या कमिटमध्ये वेगळी ठेवा म्हणजे सोडवणं सोपं जातं.

मे महिन्यात रिव्ह्यू आला, बहुतांश स्पेसिंग आणि डॉक्युमेंटेशनमध्ये 'कुठल्या व्हर्जनपासून उपलब्ध' ही नोंद. ही नोंद फार महत्त्वाची आणि तिच्यात गंमत अशी की पुढचं रिलीज २.५ धरलं होतं तरी ते ऐनवेळी ३.० होणार का हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिथे एक खुणेचा शब्द टाकला आणि रिलीजच्या चेकलिस्टमध्ये तो बदलायची ओळ वाढवली. सगळे कमिट एकात गुंडाळले आणि ते मर्ज झालं, म्हणजे मूळ कोडमध्ये गेलं. त्या दिवशी मी कुणालाच काही सांगितलं नाही, कारण सांगायचं काय, की एक आकडा परत करणारं फंक्शन गेलं म्हणून? पण बरं वाटलं.

मर्ज म्हणजे रिलीज नाही. जूनमध्ये फ्रीज (नवे बदल घेणं बंद), मग एका फझिंगमध्ये (वेडावाकडा डेटा देऊन केलेल्या चाचणीत) सापडलेल्या बगसाठी थांबले, आणि ऑगस्टमध्ये २.५.० आलं. त्यानंतर आमच्या टूलच्या व्हर्जनच्या कमांडमध्ये दोन ओळी आल्या, कशावर बनवलं आणि कशावर चालतंय, आणि बग रिपोर्टच्या साच्यात 'ह्या कमांडचा आउटपुट चिकटवा' असं लिहिलं. पहिल्या आलेल्या रिपोर्टमध्येच दोन आकडे वेगळे होते.

डिस्ट्रोंमध्ये नवं रिलीज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे जुन्या लायब्ररीवरही टूल चाललं पाहिजे. फंक्शन थेट बोलावलं तर जुन्या लायब्ररीवर प्रोग्राम 'अनडिफाइन्ड सिंबॉल' म्हणून सुरूच होत नाही किंवा ऐनवेळी मरतो. आम्ही डीएलसिम (चालू प्रोग्राममध्ये नावावरून फंक्शन शोधून देणारं फंक्शन) वापरून नाव शोधतो, सापडलं तर विचारतो, नाही सापडलं तर '२.५ च्या आधीचं' असं छापतो. कंपाइलच्या वेळी नंबरचा नवा मॅक्रो तपासायला तर काहीच वेगळं करावं लागत नाही, कारण प्रीप्रोसेसरच्या (कंपाइलआधी मॅक्रो उलगडणाऱ्या टप्प्याच्या) इफमध्ये माहीत नसलेलं नाव शून्य धरलं जातं, त्यामुळे जुन्या हेडरबरोबर '२००५००० पेक्षा कमी' ही अट आपोआप खरी ठरते. फक्त कंपाइलरला अनडेफची (माहीत नसलेल्या नावाबद्दलची) वॉर्निंग लावलेली असेल तर तो कुरकुर करतो, तेव्हा आधी डिफाइन्ड आहे का ते विचारा.